स्वस्त गाडी आणि आमचं इंजिनिअरिंग

दिवाळीच्या सुट्टीत अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तर बाबांनी आल्या आल्या जाहीर केलं, "आपण गाडी घ्यायची." सोयाबीनचे पैसे हातात आले होते. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला एसटीची पायरी चढवत नाही, आणि तपासणीला लातूरला तर न्यावंच लागतं. लातूरच्या एका डीलरकडे बाबांनी पांढरी छोटी गाडी बघून ठेवली होती. किंमत एक लाख दहा हजार. पाच हजार इसारही देऊन झाला होता. "तू मेकॅनिकलला हाईस की. ये, बघ अन् हो म्हण."

मित्रांनो, खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला. ऑटो सायकलची आकृती मी झोपेतही काढू शकतो. पण ऑइलची कांडी स्वतःच्या हाताने बाहेर काढून कधी पाहिली नव्हती. शेवटी आमच्या मजल्यावरच्या, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मित्राला फोन केला. त्याच्या मामाचं लोह्याला गॅरेज आहे. बिचारा सुट्टी मोडून आला.

डीलर बोलायला गोड. "मामा, डॉक्टरची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर." मित्राने उत्तर न देता आधी बोनेटवर हात ठेवला. गरम! म्हणजे आम्ही येण्याआधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. गरम इंजिन आपले दोष लपवतं. आम्ही दोन-दोन कप चहा घेऊन तासभर बसून राहिलो आणि मग गाडी सुरू करायला लावली. मागून निळसर धूर आला, म्हणजे इंजिन ऑइल जाळत होतं. मीटरवर सेहेचाळीस हजार किलोमीटर, पण क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. दाराच्या कडेला सर्व्हिसिंगचं जुनं स्टिकर राहून गेलं होतं. त्यावर पुढच्या सर्व्हिसिंगचा आकडा होता पंच्याऐंशी हजार!

मग कागद बघितले. आरसी तिसऱ्याच माणसाच्या नावावर. नाव बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आधीच सही करून ठेवलेले, घेणाऱ्याची जागा कोरी. "गाडी आजच न्या, नावावर सावकाश होईल." शिवाय नोंदणीची १५ वर्षं भरायला पाचच महिने उरले होते. म्हणजे फिटनेस तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे सगळं आमच्याच गळ्यात. स्वस्ताईचं कारण तिथे कळलं.

मी नाही म्हणालो. इसाराचे पैसे बुडाले. परत येताना चाकूरपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आता आजीला काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरीही माझं मत सांगतो. जुनी गाडी घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. असा सल्ला बहुधा नवी गाडी परवडणारेच देतात. आमच्यासारख्या घरात गाडी येईल तर जुनीच येईल. माझं म्हणणं एवढंच की डीलर सांगतो ती गाडीची किंमत नसते. त्यात इंजिनचं काम, टायर, विमा आणि सरकारी फी मिळवा, मग स्वस्त की महाग ते ठरवा. आणि कागद कोरा असेल तर कितीही स्वस्त असली तरी उठून या.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक लेख लिहिला. त्या कामासाठी त्याला २००१ मध्ये नोबेलही विभागून मिळालं. मुद्दा सोपा आहे. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा भीतभीत मधला भाव सांगतो. त्या भावात चांगली गाडी द्यायला मालक तयार होत नाही, आणि बाजारात खराब गाड्याच वाढत जातात.

यावर उपाय आमच्या बाबांना चांगला माहीत आहे. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन नेलं की व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, ओलावा बघतो, कचरा बघतो आणि मगच भाव बोलतो. माळेगावच्या यात्रेत बैल घेताना आमचे आजोबा आधी दात बघायचे, मग चालवून बघायचे. धर्माची गाय असेल तर दात मोजू नयेत, पण इथे तर आपण लाख रुपये मोजतोय! मग गाडीचेच दात का बघायचे नाहीत?

कायदाही आता थोडा आपल्या बाजूने आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हणायला लाजू नका. आणि गाडी विकणाऱ्यांनीही ऐकावं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की, गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे सही केलेला कोरा फॉर्म देणारा स्वतःच्याच गळ्यात दोरी अडकवून घेतो.

शेवटी सरांना एक विनंती. वर्षातून एक दिवस वर्कशॉपमध्ये एखादी जुनी गाडी उभी करा आणि आम्हाला ती तपासायला लावा. धुराचा रंग, टायरवरचे तारखेचे चार आकडे (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे), आरसीवरचा बँकेचा बोजा, सगळं. कारण गावाकडे सगळे आम्हाला 'इंजिनिअर' म्हणतात आणि आमच्या एका 'हो'वर घरातले पैसे बाहेर काढतात.

आमच्याकडे अजून गाडी नाही. आजी शेजाऱ्यांच्या जीपने लातूरला जाते, दर वेळी डिझेलचे पैसे देऊन. पण परवा बाबांचा फोन आला. नांदेडला एक गाडी बघायला चाललेत म्हणे. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "त्याला सांगून ठेवलंय, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नको म्हणून."