आमच्या इंद्रलोकातलं जपान

"अरे, पोरं काहीतरी नवीन करतायत, कौतुक कर की! लगेच काय चुका काढतोस?"

गेले पंधरा दिवस हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता पाठ झालंय. म्हणून आज शनिवार सकाळचा चहा बाजूला ठेवून याच वाक्याचा समाचार घ्यायला बसलोय. मंडळी, ज्याचं तिकीट ३९९ रुपये आणि 'व्हीआयपी' तिकीट ७९९ रुपये असतं, ते 'पोरांचं काहीतरी' नसतं. तो धंदा असतो. धंदा करायला माझी काहीच हरकत नाही, मीही पगार घेऊनच कोड लिहितो. पण मग धंद्याच्या मापाने मोजून घ्यायची तयारी हवी.

तर झालं काय की, आमच्या भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये एका लग्नाच्या हॉलात एक दिवसाचं अ‍ॅनिमे कन्व्हेन्शन भरलं. आयोजकांचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका नावाचा नाहीये, एका पद्धतीचा आहे. जाहिरातीत कॉस्प्ले स्पर्धा, आर्टिस्ट अ‍ॅली, स्क्रीनिंग, क्विझ असं सगळं होतं. एरवी असलं काही बघायचं तर गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात जा, म्हणजे भाईंदरहून राम मंदिर स्टेशनपर्यंत गर्दीत लोंबकळा. इथे घरापासून चालत दहा मिनिटं! मी तिकीट काढलं यात नवल नाही.

माझी पिढी अ‍ॅनिमेला नवीन नाही. आम्ही दूरदर्शनवर रविवारी मोगली बघितला. तेव्हा कुणाला माहीत होतं की ते निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं जपानी काम आहे! २००४ साली भारतात अ‍ॅनिमॅक्स आलं आणि २०१७ साली टीव्हीवरून गेलंही. २००६ मध्ये हंगामावर शिनचॅन आला आणि घरोघरच्या आयांनी कपाळावर हात मारला. 'वेदरिंग विथ यू' भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून पन्नास हजारांवर लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो खरोखर इथल्या थिएटरांत लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' साठी लोक पहाटेच्या शोला गेले. म्हणजे प्रेक्षक आहे, प्रेम आहे, पैसेही आहेत. "अजून आपल्याकडे तेवढं कल्चर नाही हो" ही सबब आता चालणार नाही.

आता हॉलमधलं जपान बघू. सवयीप्रमाणे बग रिपोर्टच देतो.

बग क्रमांक १. अकराची वेळ, दार उघडलं पाऊणला. रांग उन्हात. चौकशी केली तर उत्तर मिळालं, "भैया, सेटअप चल रहा है." चालायचंच, हा किरकोळ बग आहे. आपल्याकडे साहित्य संमेलनंही वेळेवर सुरू होत नाहीत.

बग क्रमांक २. आर्टिस्ट अ‍ॅलीत आर्टिस्ट नाही. मी मोजले, एकूण चौदा स्टॉल. त्यातले अकरा नुसते विक्रीचे. तीच किचेन्स, तीच पोस्टरं, तेच टीशर्ट, सगळं बिनपरवाना छापलेलं. दोन स्टॉल खाण्याचे (रामेन म्हणून जे मिळालं त्याला आमच्या घरी मॅगी म्हणतात). स्वतः काढलेली चित्रं घेऊन बसलेला एकच मुलगा, तोही जिन्याखाली, जिथे ट्यूबलाइट नव्हती. त्याच्याकडून स्टॉलचं भाडं मात्र सगळ्यांइतकंच घेतलेलं. आणि त्याच्याच शेजारी दुसऱ्या कुणाचं तरी चित्र नेटवरून उतरवून छापलेलं पोस्टर त्याच्या निम्म्या किमतीत. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, कलम ६३ खाली हा गुन्हा आहे, वगैरे सांगायला मी काही वकील नाही. मी साधा प्रश्न विचारतो : ज्या पोराने स्वतः रेष ओढली त्याला अंधारात आणि ज्याने फक्त प्रिंट मारली त्याला दारासमोर बसवणारा माणूस अ‍ॅनिमेवर प्रेम करतो, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

बग क्रमांक ३. हा मला सर्वात जास्त लागला. आमच्या शेजारच्या विंगमधली अकरावीतली एक मुलगी नेझुको झाली होती. आईच्या जुन्या गुलाबी साडीचा किमोनो, त्यावर पुठ्ठ्याचं स्टेन्सिल कापून हाताने रंगवलेली षटकोनी नक्षी, तोंडातला बांबू फोमचा. दोन महिने अभ्यास सांभाळून खपत होती. लिफ्टमध्ये भेटली की म्हणायची, "दादा, तू येणारेस ना बघायला?" कन्व्हेन्शनमध्ये कपडे बदलायला खोली नव्हती. म्हणजे लग्नाच्या हॉलात वधूपक्षाची खोली असते, ती होती, पण तिच्यात आयोजकांची खोकी ठेवलेली. मुलींनी बाथरूममध्ये बदललं. तिच्या किमोनोची कड ओली झाली आणि रंग पसरला. नंतर स्टेजवर परीक्षक (कुणीतरी रील्सवाले गृहस्थ) तिला माइकवर विचारतात, "ये कौन सा कॅरेक्टर है?" अहो, अ‍ॅनिमेच्या स्पर्धेचा परीक्षक नेझुको ओळखत नाही! क्रिकेटच्या अंपायरने 'हा दांडक्यासारखा काय आहे?' असं बॅटकडे बघून विचारण्यापैकीच हे. निकाल टाळ्यांच्या आवाजावर लागला. पहिलं बक्षीस ऑनलाइन विकत घेतलेल्या स्पायडरमॅनच्या ड्रेसला, कारण तो सात मित्र घेऊन आला होता.

विनोदी आहे, मीही हसलो असतो. पण त्या मुलीच्या आईने रात्री तिला जे ऐकवलं ते विनोदी नव्हतं. "दोन महिने फुकट घालवलेस. विकत आणला असता तर दोन तासांत झालं असतं." आणि त्या दिवसाचा पुरावा बघता काकूंचं म्हणणं खोडता येत नव्हतं. बनवणारा मूर्ख आणि विकत घेणारा शहाणा, हाच धडा त्या हॉलने दिवसभर शिकवला. मला राग आहे तो याचा, मॅगीचा नाही.

बग क्रमांक ४. न विचारता फोटो. मुली घोळक्यात अडकत होत्या, कुणी खांद्यावर हात टाकत होतं आणि आयोजकांचा एकही माणूस आसपास नाही. न्यू यॉर्क कॉमिक कॉनने २०१४ पासून 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' असे फलक लावायला सुरुवात केली. एका फलकाला किती खर्च येतो? आपल्याकडे वाढदिवसाच्या बॅनरवर नगरसेवकापासून भावी नगरसेवकापर्यंत सगळे मावतात, तिथे ही एक ओळ मावली नसती?

बग क्रमांक ५, आणि आमच्या भाषेत हा 'ब्लॉकर', म्हणजे तो असताना रिलीज करायचंच नसतं. मागच्या दाराला कुलूप आणि कुलपासमोर टीशर्टचा स्टॉल. आत शेकडो पोरं, छताला कागदी कंदील, खाली एक्स्टेन्शन बोर्डांची गुंतावळ. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्सच्या आगीत १४ माणसं गेली. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ गेली, तिथे बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या होत्या. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा २००६ चा आहे. मी तिथल्या स्वयंसेवकाला दार उघडायला सांगितलं. तो म्हणाला, "उधर से लोग बिना टिकट घुसते हैं." म्हणजे बघा, ३९९ रुपये बुडू नयेत म्हणून कुलूप!

आता 'कौतुक करा' वाल्यांकडे वळतो. त्यांचे मुद्दे दोन. पहिला : पैसे कमी असतात हो. मान्य. पण वरचे बग परत वाचा. खोलीतली खोकी हलवायला पैसे लागत नाहीत. ज्याला नेझुको माहीत आहे असा परीक्षक बसवायला पैसे लागत नाहीत, तो प्रेक्षकांतच बसलेला असतो. कुलूप उघडणं फुकट असतं. व्हीआयपींसाठी पुढे सोफे आणि गळ्यात घालायला चमकणारे बिल्ले होते, त्याला मात्र पैसे होते.

दुसरा मुद्दा : टीका केली की पोरांचा उत्साह मरतो. इथे मी सरळ जपानलाच साक्षीला बोलावतो. १९७५ साली तिकडे 'मांगा ताइकाई' नावाचा चाहत्यांचा एक मोठा मेळावा भरायचा. त्याच्यावर टीका करणाऱ्या एका चाहतीला आयोजकांनी सहभाग नाकारला. त्यावरून तिच्या बाजूची मंडळी भडकली. 'मेइक्यू' नावाच्या एका छोट्या गटाने निषेध तर केलाच, पण तेवढ्यावर न थांबता स्वतःचा मेळावा भरवला. २१ डिसेंबर १९७५, तोक्योमधला एक सभागृह, ३२ गट, सातशेच्या आसपास माणसं. आमच्या हॉलात मावतील एवढीच! त्याचंच पुढे कॉमिकेट झालं. डिसेंबर २०१९ मध्ये चार दिवसांत तिथे साडेसात लाखांची हजेरी लागली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती, म्हणजे अंदाज करा. जगातला हा सगळ्यात मोठा चाहत्यांचा बाजार एका तक्रारीतून जन्मलाय, कौतुकातून नाही.

आणि कॉमिकेटचं मूळ तत्त्व फार सोपं आहे. तिथे 'गिऱ्हाईक' नावाचा प्राणी नाही. टेबलामागे बसून स्वतःचं पुस्तक विकणारा, ते विकत घेणारा आणि रांग सांभाळणारा स्वयंसेवक, तिघांनाही एकच शब्द : सहभागी. कॉस्प्लेवाल्यांना घरून सजून यायची परवानगी नाही, तिथल्याच खोल्यांत कपडे बदलायचे. म्हणजे कपडे बदलायच्या खोल्या ही सोय नसून नियमाचाच भाग आहे. विकायच्या प्रत्येक पुस्तकाची प्रत आयोजकांना आधी दाखवावी लागते. हजारो स्वयंसेवक हे सगळं बिनपगारी सांभाळतात.

"ते जपानी आहेत बाबा, शिस्तीचे लोक." हे तर मला मुळीच सांगू नका. बिनपगारी स्वयंसेवक आपल्याला नवीन आहेत? ज्या गल्लीत गणपतीचे दहा दिवस रांग, प्रसाद, जमाखर्च आणि विसर्जनाचा दोर कॉलेजची पोरं सांभाळतात, त्याच गल्लीत आपण म्हणायचं की जमणार नाही? पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चाललाय. तिथे एखाद्या संघाने एकांकिका स्वतः उभी करायची असते आणि परीक्षक नाटकातला असतो. टाळ्यांचा आवाज मोजून करंडक दिला तर पोरं मांडव डोक्यावर घेतील. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या विचित्र वेशभूषा स्पर्धेलासुद्धा कपडे बदलायला एक वर्ग रिकामा करून देतात हो! म्हणजे कसं करायचं हे आपल्याला पक्कं माहीत आहे. फक्त समोरच्याला सहभागी समजायचं की पाकीट, एवढंच ठरत नाहीये.

इथे कुणी म्हणेल, कार्टूनसाठी एवढं रक्त का आटवतोस? कारण आमच्या भागात हॉल ढिगाने आहेत, पण ते लग्नाला, सत्संगाला आणि सेलला. चित्र काढणाऱ्या, शिवणाऱ्या, गोष्टी रचणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला आपल्यासारखी आणखी चार भेटतील अशी जागा वर्षातून एखाद दिवस मिळते. तो दिवस वाया घालवणं म्हणजे एक रविवार वाया घालवणं नव्हे. त्या पोराला पुढची संधी वर्षभराने, आणि तोवर बारावी येते, मग सीईटी, मग आमच्यासारखी नोकरी. :)

तर पुढचं तिकीट काढण्याआधी आयोजकांना पाच प्रश्न विचारा. किमान निम्मे स्टॉल स्वतः काम करणाऱ्यांना आहेत का, आणि त्यांचं भाडं कमी आहे का? कपडे बदलायला मुला-मुलींना वेगळ्या, कडी लागणाऱ्या खोल्या आहेत का? परीक्षक कोण, गुण कशाला, आणि हाताने बनवलेल्या वेशाला वेगळा गट आहे का? फोटोचा नियम काय, आणि तक्रार कुणाकडे करायची? दुसरं दार उघडं असेल का?

हे पाच प्रश्न मी त्या आयोजकांनाही लेखी पाठवलेत. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. बिल्डिंगमधल्या आम्ही सहा जणांनी तेच प्रश्न नियम म्हणून एका कागदावर उतरवलेत आणि दिवाळीनंतर सोसायटीचा हॉल एका रविवारसाठी मागितलाय. बारा टेबलं, तिकीट नाही, टेबलामागे फक्त स्वतःचं काम. सेक्रेटरी साहेबांनी विचारलं, "हे अ‍ॅनिमे म्हणजे धार्मिक आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग बघू." म्हणजे निम्मं काम झालंय. दोन टेबलं गेलीत, दहा रिकामी आहेत. जिन्याखालच्या त्या चित्रकाराला खिडकीजवळचं टेबल दिलंय. दुसरं टेबल शेजारच्या विंगमधल्या नेझुकोचं, किमोनोला स्टेन्सिल कसं मारायचं ते ती शिकवणार आहे. काकू अजून तयार नाहीत. त्यांच्याशी उद्या बोलायचंय.