काय चुकले, तेही सांगा

गेल्या भाद्रपदात तलवाड्याला जाणे झाले. गेवराई तालुक्यातले हे त्वरितादेवीचे गाव. आमचे बालपण याच भागात गेले. गणपती नुकतेच बसले होते आणि जैन बांधवांचे पर्युषण संपले होते. पेठेतून जाताना एका जुन्या दुकानाच्या मालकाने हाक मारली. गादीवरून उठून, पायरी उतरून तो खाली आला आणि हात जोडून म्हणाला, "मिच्छामि दुक्कडं, गुरुजी. वर्षभरात काही चुकलं-माकलं असंल तर माफ करा."

आम्हीही हात जोडले. पण तोंडून निघून गेले, "शेठ, काय चुकलं ते तर सांगा." तो हसला, आम्हीही हसलो. चहा झाला. कपबशीत झाला, हे मुद्दाम नोंदवतो.

कारण याच पायरीखाली आमचे वडील उभे राहत. सालगडी होते. मीठ-मिरची वरून धोतराच्या सोग्यात टाकली जाई. पैसे पायरीवर ठेवायचे. पाणी शिंपडल्याशिवाय ते उचलले जात नसत. तहान लागली तर ओंजळ पुढे करायची. हा दोष त्या एका दुकानाचा नव्हता, गावातला कोणत्याही जातीचा ओटा त्याला अपवाद नव्हता. पण त्या काळीही दरवर्षी संवत्सरी येई, घरोघरी जाऊन क्षमा मागितली जाई. पायरीखालच्या माणसासमोर मात्र ते हात कधी जोडले गेले नाहीत.

या प्रथेची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. वर्षातला एक दिवस चूक कबूल करण्यासाठी राखून ठेवणे ही थोर गोष्ट आहे. ज्यांनी आमच्यावर शतकानुशतके अन्याय केला, त्यांच्यापैकी किती जणांच्या पंचांगात असा दिवस आहे? शिवाय मुळात ही प्रथा मोघम नाही. 'मिच्छामि दुक्कडं' म्हणजे माझे दुष्कृत्य मिथ्या होवो, निष्फळ होवो. हे म्हणण्याआधी प्रतिक्रमणात श्रावकाने आपल्या व्रतांतले दोष एकेक करून आठवायचे असतात. अहिंसाव्रताच्या दोषांत कोणते दोष येतात ते पाहा : बांधून ठेवणे, मारणे, अंगाला इजा करणे, पेलवणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी अडवणे. अचौर्यव्रताच्या दोषांत खोटी वजने-मापे येतात. पाणी अडवणे हा दोष ज्या धर्माने नाव घेऊन सांगितला, त्याचे अनुयायीही गावच्या रिवाजापुढे वाकले. जातीची ताकद ती हीच. आता तर मोबाईलवर एकच फुलापानांचे चित्र दोनशे जणांना जाते. काय चुकले, कोणाचे चुकले, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

भगवान बुद्धांनी वर्षावासाच्या शेवटी भिक्खूंसाठी पवारणा घालून दिली. आश्विन पौर्णिमेला भिक्खू संघापुढे बसतो आणि विनंती करतो की, माझा जो दोष तुम्ही पाहिला, ऐकला किंवा ज्याची तुम्हाला शंका आहे, तो करुणा बाळगून मला सांगा. दिसला तर मी तो सुधारीन. येथे बोलण्याचा अधिकार समोरच्याचा आहे. तो बोलल्यावर ऐकून घ्यावे लागते.

सम्राट अशोकाने कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप दगडावर कोरला. दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, असे आकडेही दिले. एवढी स्पष्ट कबुली कोणत्या राजाने दिली? पण तो तेरावा शिलालेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे कोरलेला नाही. ज्यांची माणसे मेली त्यांच्या दारात तो पोचला नाही. अशोक आम्हाला कितीही वंदनीय असला तरी ही गोष्ट सलते.

आणि आमचा मराठवाडा? 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि शेकडो गावांत आमच्या वस्त्यांवर हल्ले झाले. 4 ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला, गुलाल उधळला, भाषणे झाली. ज्या गावांत घरे जळाली, त्या गावांच्या चावडीवर कोणी उभे राहून 'आमच्या गावाचे चुकले' असे म्हटल्याचे आमच्या कानी आले नाही. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी 13 फेब्रुवारी 2008 रोजी भर संसदेत आदिवासींची माफी मागितली. सरकारने आईबापांपासून तोडून नेलेली माणसे तेव्हा समोर बसलेली होती आणि कशाबद्दल माफी, तेही सांगितले गेले. आमच्याकडे "झालं गेलं विसरा, गावात एकोपा ठेवा" एवढेच सांगतात. तेही जळालेल्यालाच.

पण शेठला विचारलेला प्रश्न परतीच्या एसटीत आमच्याच मानगुटीवर बसला. पोचिराम कांबळे मातंग होते. नामांतरासाठी त्यांनी प्राण दिला. आणि आमच्या वाड्यातल्या आडावर? मातंग बाया घागरी घेऊन कडेला थांबत आणि आमची आजी वरून पाणी ओतून देई. चवदार तळ्यावर 1927 साली बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, त्याचे पोवाडे आमच्याच घरात गायले जात. आजीला कोणी अडवले नाही. आम्हीही नाही, तेव्हा आम्ही काही तान्हे नव्हतो, सातवीत होतो.

त्या बायांपैकी एक मावशी अजून हयात आहेत. लेकाकडे राहतात. नजर अधू झाली आहे, पण बोलणे खणखणीत. येत्या आश्विन पौर्णिमेला विहारातले वंदन झाले की आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. आडाची गोष्ट आम्हीच आधी काढू. पुढचे त्या बोलतील.