गाडीचं वय विचारू नका, ब्रेक बघा

पिकअपचा मालक माझ्या शेडमध्ये येतो तेव्हा तक्रार ठरलेली असते : "नाना, गाडी ओढत नाही." कधी धूर मारते, कधी ॲव्हरेज देत नाही. "नाना, गाडी नीट थांबत नाही," असं म्हणत आपणहून आलेला माणूस विरळा. ओढण्यात पैसा आहे, थांबण्यात नाही, असा साधा हिशेब. सरकारचा हिशेब तरी फार निराळा आहे असं नाही. तिथेही गाडी थांबते का, हा प्रश्न मागे पडतो. आधी विचारतात, गाडी कोणत्या सालची?

मी एसटीत मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर नारायणगावजवळ पुणे-नाशिक रस्त्याला लागून पत्र्याची शेड टाकली. आता पुतण्याला हाताशी धरून जुन्या पिकअप दुरुस्त करतो. टाटा २०७, बोलेरो पिकअप, मधूनच एखादी ४०७. छोटा हत्ती तर रोजचाच. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की दुपारचं जेवण चार वाजता होतं.

भंगार धोरण जाहीर झालं ऑगस्ट २०२१ मध्ये. पुढच्या १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या व्यापारी गाड्यांच्या पासिंगचं शुल्क चढलं. मोठ्या ट्रकला दीड हजार लागायचे तिथे साडेबारा हजार झाले. हलक्या गाड्यांनाही असाच चटका बसला, आणि पुढेही तो वाढतच गेला. शिवाय मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी. दरवर्षी तपासा, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण हे वाढीव पैसे कशाचे? ज्याने वेळच्या वेळी लायनर बदलले, ग्रीसिंग केलं, त्यालाही तेवढेच, आणि जो पासिंगपुरते मेव्हण्याचे टायर लावून आला त्यालाही तेवढेच. त्या वाढीव रकमेत पुढचे पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑईल आलं असतं. ते पैसे गाडीत गेले असते तर रस्त्यावरच्या सगळ्यांचाच फायदा होता.

पिकअपचं खरं दुखणं कुठे असतं ते सांगतो. टोमॅटोचं एक क्रेट साधारण वीस किलोचं. दीड टनाच्या गाडीत पंचाहत्तर क्रेट व्हायला हवीत. तेवढ्यावर थांबणारा माणूस मला दाखवा. हौदा भरून वर थर चढतात, गाडी मागून बसते, आणि मग मालक कमानीत एक जादा पाटा घालून घेतो. पाटा घालणारे कारागीर काम चोख करतात, त्यात शंका नाही. घोळ होतो तो दुसरीकडे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलच्या वर, चेसीला एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला एक दांडी जोडलेली असते. माल भरला की चेसी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं एकदम लॉक होऊन गाडी फिरत नाही. आता जादा पाटा घातल्यावर दोन टन भरले तरी चेसी पूर्वीइतकी खाली येत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी अर्धी रिकामी. माल सर्वांत जास्त असतो तेव्हाच मागचे ब्रेक सर्वांत ढिले. सगळा भार पुढच्या पॅडवर येतो, ते भराभर झिजतात आणि मालक म्हणतो, "नाना, पॅड डुप्लिकेट निघाले."

यावर काही गॅरेजवाल्यांचा उपाय म्हणजे व्हॉल्व्हच काढून टाकायचा आणि पाइप थेट जोडायचा. मग गाडी भरलेली असताना छान थांबते, आणि माल उतरवून पावसात परत येताना मागून सरकते. असली गाडी पाच वर्षांचीही असते. तिला जुनी कोण म्हणणार?

माळशेज उतरणाऱ्यांची आणखी एक खोड. डिझेल वाचवायचं म्हणून उताराला गाडी न्यूट्रल करायची, काही महाभाग इंजिनच बंद करतात. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा आपसूक व्हॅक्यूम तयार होत नाही. ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो आणि बऱ्याच पिकअपमध्ये तो डायनामोच्या पाठीलाच बसवलेला असतो. इंजिन बंद झालं की पंप बंद, दोन-तीनदा पेडल दाबलं की बूस्टर रिकामा. डायनामोचा पट्टा तुटला तरी तेच. त्यात ब्रेक ऑईल वर्षानुवर्षं तेच. ते हवेतला ओलावा शोषतं. मग लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. दोन वर्षांनी एकदा ऑईल बदललं तर हे टळतं. त्याला लागणारा पैसा एका खेपेच्या भाड्यासमोर किरकोळ आहे.

इंजिनाची मला एवढी काळजी वाटत नाही. जुनं डीआय इंजिन सोशीक. टॅपेट लावा, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढत जा, रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी ओतू नका, ते निमूटपणे चालत राहतं. पिकअपला खरा मारतो गंज. आमच्याकडे सकाळी टोमॅटो आणि संध्याकाळी खत अशा खेपा असतात. पोतं फुटतं, युरिया किंवा पोटॅश हौद्यात सांडतं, पावसात विरघळतं आणि पत्र्याच्या सांध्यांतून खाली चेसीच्या चॅनेलवर उतरतं. कोकणात मासळीच्या गाड्यांचं तेच होतं, तिथे बर्फाचं खारट पाणी गळतं. खेप झाली की दोन बादल्या पाणी मारा, एवढं सांगून माझा घसा बसला.

चेसी बघायची तर पाट्यांच्या हँगरजवळ बघावी, जिथे चिखल साठतो. मी हातोडीने ठोकतो. ठणठणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, वर खपल्या पडल्या, तर मालकाला स्पष्ट सांगतो. तिथे पट्टी मारून वेल्डिंग करून देणारे भरपूर आहेत. पण चॅनेलच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग केलं की पुढे चेसी बरोबर तिथेच चिरते. अशी गाडी दहा वर्षांची असली तरी भंगारात जावी. कुणी पाठवत नाही, कारण कागदावर ती अजून तरुण असते. उलट शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची २०७ आहे. तो दर पावसाळ्याआधी चेसीला जुनं इंजिन ऑईल फासून घेतो, हौद्याला आतून रबरी मॅट टाकतो आणि पंचाहत्तराच्या वर एक क्रेट चढवू देत नाही. पोरं त्याला हसतात. त्याच्या गाडीखाली शिरलं की मला कपडे बदलावेसे वाटत नाहीत, इतकी ती नीट आहे. जास्त शुल्क मात्र त्यालाच.

धुराच्या बाबतीत वयाला अर्थ आहे, हे मान्य करतो. नोझल बदलून, पंप कॅलिब्रेट करून बीएस-३ गाडीचा धूर पीयूसीच्या ६५ हार्ट्रिजच्या मर्यादेत आणता येतो. बीएस-४ ला मर्यादा ५० ची आहे. पण २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीइतका स्वच्छ धूर मी काय, माझा उस्तादही काढू शकला नसता. तेव्हा पुण्या-मुंबईच्या गर्दीत जुनं डिझेल नको असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण तेही धूर मोजून ठरवा. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. दोन-तीन दिवसांत सरकारला हात आखडता घ्यावा लागला. पंपावरचा कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, धूर त्याला दिसत नाही.

कुणी म्हणेल, जुन्या गाड्यांचं गुणगान थांबवा, नव्या घ्या. नवी पिकअप नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. टोमॅटो कधी शंभर रुपये किलो तर कधी रस्त्यावर ओतायची पाळी. अशा पिकावर हप्ते फेडायला छाती लागते. आणि नवी गाडी घेतली तरी पुढे तिची दुरुस्ती कोण करणार? जुन्या इंजिनाचं नोझल सुमारे दोनशे बारच्या दाबावर उघडतं, ते मी टेस्टरवर तपासतो. आताच्या कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्या वर. इंजेक्टर बदलला तर त्याचा कोड संगणकाला सांगावा लागतो, त्याला स्कॅनर हवा, आणि स्कॅनरवर कंपनीचं कुलूप. पुतण्या हुशार आहे, सगळं शिकेल. पण ज्याची माहितीच मिळत नाही ते शिकायचं कसं?

हा रडगाण्याचा विषय नाही, निकालाचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, कारण त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू देत नव्हत्या. प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोबाइल आणि शेती अवजारांबरोबर वाहनंही त्यात घेतली, पोर्टलही काढलं. हायवेवरच्या शेडपर्यंत त्यातलं अजून काही पोचलेलं नाही. भंगार धोरणाला जेवढी घाई आहे, तेवढी इथे का नसावी?

एसटीत आमच्याकडे साधी पद्धत होती. ड्रायव्हर गाडी लावताना तक्रार लिहून जायचा, मेकॅनिक काम करून खाली सही करायचा. सही केली की जबाबदारी तुमची. रात्री दोन वाजताही ती सही करताना हात जरा थांबायचा. पिकअपच्या बाबतीत असं कुणीच सही करत नाही. मालक नाही, ड्रायव्हर नाही, मिस्त्रीही नाही. बिल मागणारे कमी आणि देणारे त्याहून कमी, त्यात आमचंही फावतं.

माझं म्हणणं असं की प्रत्येक मालवाहू गाडीला आरसीबरोबर दुरुस्तीची वही द्या. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुणी बदललं. ज्याची वही भरलेली आणि गाडी तपासणीत पास, त्याचं शुल्क नव्या गाडीइतकंच ठेवा, मग ती २००८ ची का असेना. ज्याची गाडी नापास, त्याच्याकडून भरपूर घ्या, तीन वर्षांची असली तरी. खोट्या नोंदी होतील म्हणता? होतीलच. पण आता स्वयंचलित तपासणी केंद्रं येताहेत, तिथे रोलरवर चाक चढवलं की प्रत्येक चाकाचा ब्रेक आकड्यात कळतो, आणि त्या आकड्याला चहापाणी चालत नाही. फक्त तपासणी भरलेल्या गाडीची करा. रिकाम्या पिकअपचा ब्रेक तपासून नारायणगावच्या बाजाराबद्दल काहीच कळत नाही. वजन नसेल तर रोलरशेजारी वीस-वीस किलोची क्रेट रचून ठेवा, आमच्याकडे ती कमी नाहीत.