मोजमापातील सचोटी

घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी पुठ्ठ्याच्या चकतीची उष्णतावाहकता मोजतो. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर नोंदी मागाहून जुळवून घेतल्या जातात. परीक्षक काणाडोळा करतात आणि गुण पदरात पडतात. ही लबाडी निरुपद्रवी मानण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. पण ती तशी आहे काय?

२२ मे १९८९ रोजी ‘अग्नी’ क्षेपणास्त्राची पहिली यशस्वी चाचणी झाली. अशा क्षेपणास्त्राचा अग्रभाग वातावरणात परतताना हजारो अंश तापतो. आतील यंत्रणा मात्र सुरक्षित राहावी लागते. त्यासाठी कार्बनच्या तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनचे कवच वापरतात. त्यातून उष्णता किती वेगाने पसरते, यावर कवचाची जाडी ठरते. हा वेग तंतूंच्या दिशेने एक, तर आडव्या दिशेने दुसरा असतो आणि तापमानागणिक तो बदलतो. तेव्हा तो पुस्तकातून उतरवून घेता येत नाही, मोजावाच लागतो.

१९६१ साली अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील पार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी सुटसुटीत पद्धत सांगितली. लहान चकतीच्या एका बाजूवर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकायचा आणि दुसऱ्या बाजूची तापमानवाढ निम्म्यावर पोचण्यास लागणारा वेळ मोजायचा. तत्त्व सोपे आहे. कसोटी लागते ती काटेकोरपणाची. गणितात जाडीचा वर्ग येत असल्याने जाडीच्या मापात १ टक्का चूक झाली, की निष्कर्ष २ टक्क्यांनी ढळतो.

असे संशोधन उपनगरांना परके नाही. पवईची आयआयटी, ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मुलुंडपलीकडे अंबरनाथला असलेली नौदलासाठीची पदार्थ संशोधन प्रयोगशाळा येथे पदार्थांचा अभ्यास चालतो. तेथे जाणारे तरुण अशाच महाविद्यालयांतून येतात. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतीय संरक्षण संस्थांवर निर्बंध लादले, तेव्हा परक्या उपकरणांवर विसंबण्यातील धोका दिसून आला. उपकरणे पुढेमागे विकत मिळतील अथवा येथेच घडवता येतील. सचोटी मात्र आयात होत नाही. ती वर्गातच रुजवावी लागते.

म्हणून शिक्षकांनी एक साधा नियम करावा: उत्तर जुळले नाही, पण विद्यार्थ्याने चुकीचे कारण प्रामाणिकपणे शोधले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. जुळवलेल्या नोंदींना मात्र शून्य. प्रयोगवहीतील खोटा आकडा परीक्षकाला फसवील. तापलेल्या कवचाला तो फसवू शकणार नाही.