किल्ली कोणाकडे?

सायकल तुमची आणि किल्ली दुसऱ्याची, हे तुम्हांला चालेल का?

नेदरलँड्समधील व्हॅनमूफ कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या सायकली मोबाइलने उघडत. त्यासाठी लागणारी सांकेतिक किल्ली कंपनीच्या संगणकावरून मिळे. जुलै २०२३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. हे संगणक बंद पडले तर सायकल उघडणार कशी, ही चिंता मालकांना लागली.

समाजमाध्यमांवरही बहुधा किल्ली कंपनीकडेच असते. २०२२ मध्ये ट्विटरचा मालक बदलला आणि नियमही बदलले. 'मॅस्टोडॉन' या माध्यमाचे संगणक मात्र निरनिराळे लोक चालवतात. तरी सर्वांना एकमेकांशी बोलता येते. एक जागा पटली नाही, तर दुसरीकडे जाता येते.

हे सांभाळायला कष्ट पडतात, हे खरे. पण सोयीसाठी सगळ्या किल्ल्या एकाच हाती देणे शहाणपणाचे नाही.