सत्ती-छक्कीचा मोह

एका वाचकभगिनीनें आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न पत्त्यांचा असल्यामुळें कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. या भगिनींचा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत टेक्सास राज्यांत असतो. दिवाळीस तो घरीं आला, तेव्हां त्यानें चुलत भावंडांना चिंचोके पणास लावून पोकर नांवाचा खेळ शिकविला. आजोबा रागावले. त्यावर मुलगा म्हणाला, "आजोबा, हा जुगार नव्हे, गणित आहे." दर शनिवारीं पगारांतील ठराविक रक्कम घेऊन आपण मित्रांत खेळावयास बसतों, हेंही त्यानें लपविलें नाहीं. धाकटा भाऊ येत्या वर्षीं उच्च शिक्षणासाठीं तिकडेच जाणार आहे. त्यानेंही हें शास्त्र शिकून घ्यावें, असा त्याचा आग्रह. भगिनी विचारतात, "एक्का-राजावर कोणी पैसे लावले तर समजूं शकतें, पण हा सत्ती-छक्कीसारखीं क्षुल्लक पानें हातीं धरून पैसे लावतो, आणि त्यालाच शास्त्र म्हणतो. तें खरें काय?"

प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. रागावणें हें उत्तर नव्हे, आणि मुलगा हुशार आहे एवढ्यावरून मान डोलावणें हेंही उत्तर नव्हे. हिशेब मांडूनच पाहिला पाहिजे.

खेळाची रीत थोडक्यांत सांगतों. प्रत्येकास दोन पानें उलटीं मिळतात. मग मध्यें सर्वांच्या उपयोगाचीं पांच पानें उघडीं पडतात. आधीं तीन, मग एक, मग शेवटचें एक. आपलीं दोन व हीं पांच अशा सातांतून ज्याची पांच पानांची जुळणी श्रेष्ठ, तो मधली रास उचलतो. पैसे लावण्याची वेळ चारदां येते, आणि समोरच्यानें पैसे लावले म्हणजे त्याच्याइतके लावणें, त्याहून वाढविणें, किंवा पानें टाकून स्वस्थ बसणें, या तीन वाटा मोकळ्या असतात. टेक्सासांतील रॉब्सटाउन हें गांव या खेळाचें जन्मस्थान होय, असें त्या राज्याच्या विधिमंडळानें २००७ सालीं ठरावानें मान्य केलें आहे. म्हणजे पुतण्या खेळाच्या माहेरींच नोकरीस आहे म्हणावयाचा.

बावन्न पानांतून दोन-दोन पानांचे १३२६ जोड होतात. त्यांत दोन एक्क्यांचे जोड केवळ सहा. म्हणजे २२१ डावांत एकदां. कोणतीही जोडी हातीं येणें हें सतरा डावांत एकदां. तेव्हां जो केवळ राजेशाही पानांची वाट पाहत बसेल, त्याचा बहुतेक वेळ दुसऱ्यांचा खेळ पाहण्यांत जाईल. शिवाय इतक्या वेळानें त्यानें तोंड उघडलें कीं त्याच्या हातीं काय आहे हें सारी बैठक ओळखील व पानें टाकून मोकळी होईल. या अडचणींतून सट्ट्याच्या पानांची कल्पना निघाली. हीं पानें आज कांहींच नसतात, पण पुढें मोठीं होऊं शकतात. लहान जोडी, म्हणजे दोन पंज्या किंवा दोन छक्क्या, हा एक प्रकार. आणि एकाच रंगाचीं लागोपाठचीं पानें, जशी बदामाची सत्ती आणि बदामाची छक्की, हा दुसरा. येथें रंग म्हणजे बदाम, चौकट, किलवर, इस्पिक.

आतां फळ किती वेळां लागतें तें पाहूं. हातांत पंज्यांची जोडी आहे. पहिल्या तीन उघड्या पानांत तिसरी पंजी येण्याचा योग सुमारें साडेआठ डावांत एकदां. बदामाची सत्ती-छक्की असेल, तर पहिलीं तीनही पानें बदामाचीं पडण्याचा योग ११९ डावांत एकदां! तिनांतील दोन बदामाचीं पडून आशा उरणें हें नऊ डावांत एकदां. आणि पुढचीं दोन्ही पानें पाहावयास मिळालीं तर ती आशा शंभरांत पस्तीस वेळां सफळ होते. समोरच्याजवळ दोन एक्के असतील, तर शेवटपर्यंत खेळून सत्ती-छक्की चार-पांच डावांत एखादाच जिंकते. हे आंकडे कोणाच्या मताचे नव्हेत; मॅट्रिकच्या बीजगणितांतील क्रमचयसंचय ज्यास आठवत असेल, त्यानें पाटीवर करून पाहावे.

मग इतका क्वचित् फळणारा वृक्ष लावावयाचाच कशाला? येथें पुतण्याचें म्हणणें नीट ऐकावयास हवें, कारण तें पोरकट नाहीं. समजा, चार पानें उघडलीं आहेत. आपणांस एक बदाम आला कीं डाव आपला. मध्यें शंभर रुपये आहेत आणि समोरच्यानें पन्नास लावले. आपण पन्नास भरावे काय? न दिसलेलीं पानें ४६. त्यांत बदामाचीं नऊ, इतर सदतीस. शेचाळीस वेळां हा प्रसंग आला असें धरा. सदतीस वेळां पन्नास जातात, म्हणजे १८५० रुपये. नऊ वेळां दीडशें मिळतात, म्हणजे १३५० रुपये. पांचशें रुपयांची तूट. एवढ्यावरून पानें टाकावीं. पण बदाम आल्यानंतर समोरच्यानें हट्टानें आणखी पैसे भरले तर? नऊ वेळांत मिळून पांचशें, म्हणजे प्रत्येक वेळीं सरासरी छपन्न रुपये अधिक मिळाले, कीं तूट भरून निघते. त्यापुढें सारा नफा. मध्यें दिसत नाहीं पण पुढें मिळण्यासारखा आहे, अशा या प्राप्तीस गर्भित लाभ म्हणावें. डेव्हिड स्क्लॅन्स्की यांच्या 'द थिअरी ऑफ पोकर' या ग्रंथांत या कल्पनेस स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे.

गर्भित लाभ हा शब्द गोड आहे, म्हणूनच तो पारखून घ्यावा. लहान जोडीस वीस रुपये भरून प्रवेश केला, तर एक वेळ फळ येईपर्यंत साडेसात वेळां वीस रुपये बुडतात; म्हणजे फळाच्या दिवशीं सरासरी दीडशें मिळाले तर केवळ बरोबरी. समोरच्यापुढें साठच रुपये उरले असतील, तर दीडशें यावयाचे कोठून? म्हणून जाणते खेळाडू प्रवेशाच्या पंधरा-वीस पट रक्कम समोर असल्यावांचून या वाटेस जात नाहींत. बोलण्याची पाळी शेवटीं असावी, म्हणजे इतरांचा विचार आधीं कळतो. प्रवेश स्वस्त असावा. आणि उलटही घडतें. आपल्या सत्ती-छक्कीस बदामाचीं पांच पानें जुळलीं, आणि त्याच बदामाचा एक्का समोरच्याच्या हातीं निघाला! तेव्हां आपलें पीक त्याच्या कणगींत जातें. हा गर्भित तोटा शिकाऊ मनुष्य वहींत कधींच धरीत नाहीं.

या पानांचा मोठा पुरस्कर्ता डॉयल ब्रन्सन. टेक्सासचाच. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पुढें 'सुपर सिस्टिम' या नांवानें गाजलेल्या ग्रंथांत त्यानें लहान सलग पानांची बाजू मोठ्या प्रेमानें मांडली. लास व्हेगास येथें १९७० पासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धेंत मुख्य विजेतेपद त्यानें १९७६ व १९७७ अशीं लागोपाठ दोन वर्षें मिळविलें. गंमत अशी कीं दोन्ही वर्षीं शेवटच्या डावांत त्याच्या हातीं दश्शी व दुर्री होती, आणि दोन्ही वर्षीं शेवटचें पान दश्शीच पडलें. तेव्हांपासून त्या जोडास ब्रन्सनचें नांव चिकटलें, व त्याचें अनुकरण करणारे दश्शी-दुर्रीवर पैसे लावूं लागले. वस्तुतः दश्शी आणि दुर्री ह्या दोहोंच्या मिळून सलग पांच होऊंच शकत नाहींत. सट्ट्याच्या पानांतही त्यांची गणना होत नाहीं. गुरूचा ग्रंथ वाचण्यापेक्षां त्याच्या दोन दिवसांच्या दैवाचें अनुकरण करणें सोपें, हें पाठशाळेपासून सभागृहापर्यंत सर्वत्र दिसतें. ब्रन्सन २०२३ सालीं वारला. ती समजूत अद्याप वारली नाहीं.

आपल्याकडे हा विचार अगदींच नवा नव्हे. वनपर्वांतील नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा रथांतून जातां जातां बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें मोजून सांगतो. नळास तें खरें वाटत नाहीं. तो रथ थांबवून मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यांत तो ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकतो. द्यूतविद्येचा धडा बेहड्याखालीं मिळावा हें योग्यच, कारण वैदिक काळीं फांसे त्याच फळांचे असत. नळ राज्य हरला तो खेळाचें मर्म ठाऊक नसतांना, आणि परत मिळविलें तें मर्म शिकल्यावर. धर्मराजास मात्र असा ऋतुपर्ण हस्तिनापुरांत भेटला नाहीं, आणि पुढचा पण नाकारून उठावें हेंही त्यास सुचलें नाहीं.

तेव्हां भगिनींनीं मुलास खोटें पाडूं नये. हें गणित आहे. पण त्या गणितांतील एक पद त्यानें आजोबांना सांगितलेलें दिसत नाहीं. ते छपन्न रुपये येतात कोठून? समोरच्याला पानें टाकवत नाहींत, यांतून येतात. ज्याचा हट्ट सुटत नाहीं, ज्याला आपण हरलों हें कबूल करवत नाहीं, त्याच्या खिशांतून येतात. मित्रांच्या बैठकींत तो मनुष्य कोण, हें पुतण्यास ठाऊक असलेंच पाहिजे. नसेल, तर बहुधा तो स्वतःच तो मनुष्य असेल. शिवाय कॅसिनोंत खेळलें, तर चालक आपला वांटा काढून घेतो. तेव्हां सगळ्या खेळाडूंचा मिळून तोटाच होतो. इकडे हिंदुस्थानांत २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. धाकट्यानें तिकडे गेल्यावर काय करावें हें घरच्यांनींच ठरवावें. आमचें विचाराल, तर विद्यार्थ्याच्या पैशांत गर्भित लाभास जागा नसते, कारण साडेसात वेळां बुडण्याइतका पैसाच त्याच्याजवळ नसतो.

परंतु घरांत चिंचोक्यांवर खेळण्यास आमची हरकत नाहीं. उलट एक वही घालावी. सट्ट्याचीं पानें जेव्हां जेव्हां हातीं धरलीं, तेव्हां प्रवेशास किती चिंचोके गेले, पुढें आणखी किती भरले, आणि अखेर किती परत आले, हें तेथल्या तेथें लिहावें. स्मरणावर विसंबूं नये, कारण फळलेला डाव वर्षभर आठवतो आणि बुडालेला दुसऱ्या दिवशींही आठवत नाहीं. शंभर डाव झाल्याखेरीज बेरीज करूं नये, आणि शंभरांवरूनही फार मोठें अनुमान काढूं नये. आजोबांनाही आग्रहानें बसवावें. पानें टाकून स्वस्थ बसण्यांत त्या वयाचा हात घरांत दुसरें कोणी धरील, असें आम्हांस वाटत नाहीं.