शेपटाचे काय झाले?

‘जिवावरचे शेपटावर निभावले’ ही म्हण आपण किती सहजपणे वापरतो! अपघातातून कुणी वाचले की भेटीला येणारा प्रत्येक जण ती उच्चारतो आणि त्यामागे त्याचा सद्भावच असतो. पण नीट पाहिले तर या म्हणीचे सारे लक्ष जिवाकडे आहे. जीव वाचला, हिशेब मिटला. शेपूट किती दुखले, पुन्हा हलू लागले की नाही, याविषयी म्हण गप्प आहे. सायकल आणि मोटार यांच्या किरकोळ धडकेनंतर मागे उरते ते नेमके हे शेपूट, आणि त्याविषयी बोलण्याची सोय आपल्या समाजव्यवहारात जवळजवळ नाही, असे माझे मत झाले आहे.

वज्रेश्वरीचा रविवार ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. देवीचे दर्शन, अकलोलीची गरम पाण्याची कुंडे, मग गणेशपुरी, असा बाहेरून येणाऱ्या कुटुंबांचा ठरलेला क्रम असतो. २०२४ च्या डिसेंबरातल्या अशाच एका रविवारी मी अंबाडीकडून सायकलने येत होतो. एका मोटारीने मला मागे टाकले आणि लगेच डावीकडे, एका हॉटेलाच्या आवारात वळण घेतले. माझे पुढचे चाक तिच्या मागच्या दारावर आदळले आणि मी डाव्या कुशीवर पडलो. वेग दोघांचाही बेताचाच होता. तरुण चालक तत्काळ उतरला, मला हात देऊन उठवले आणि विचारले, “काका, लागलं नाही ना?” मराठीतला हा प्रश्न मोठा विलक्षण आहे. त्याचे उत्तर त्याच्या पोटातच देऊन ठेवलेले असते. समोरच्याने फक्त मान हलवायची.

मी म्हणालो, “अजून सांगता येत नाही.” या चार शब्दांनी वातावरण पालटले. तोवर कनवाळू असलेले चेहरे सावध झाले. “म्हणजे पैसे पाहिजेत का?” असे गाडीतून कुणीतरी विचारले. जमलेल्यांतले एक वडीलधारे गृहस्थ समजुतीने म्हणाले, “देवीनं राखलं, सर. आता सोडून द्या, दर्शनाला आलेत ते.” मी गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन नंबर लिहून घेतला, आणि एवढ्याने मी त्या घोळक्याच्या दृष्टीने भांडखोर ठरलो. (ज्या देवीचा हवाला दिला गेला तिचे मंदिर वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसातून उभे राहिले असे परंपरा सांगते. काम झाल्यानंतरचे देणे विसरायचे नाही, हाच तर नवसाचा अर्थ!)

‘अजून सांगता येत नाही’ हे त्या क्षणीचे एकमेव खरे वाक्य असते. कायद्यालाही हे ठाऊक असावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात ‘जबर दुखापत’ कशाला म्हणायचे ते दिले आहे. हाड किंवा दात मोडणे त्यात येतेच. पण पंधरा दिवस तीव्र वेदना भोगाव्या लागणे किंवा नित्याचे व्यवहार करता न येणे, हेही येते. जुन्या दंडसंहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. म्हणजे दुखापत साधी की जबर, हे ठरवायला कायदा दोन आठवडे थांबायला तयार आहे. रस्त्यावरचा घोळका मात्र पंधरा मिनिटांत निकाल देतो. आणि या निकालावर बरेच काही अवलंबून असते. मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमानुसार, चूक कुणाची हे सिद्ध न करता, जबर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळू शकतात. साध्या दुखापतीला त्या कलमात जागाच नाही. तिच्यासाठी समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करीत बसावे लागते. खरचटलेल्या गुडघ्यासाठी ते कोण करणार?

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे रूसोची आठवण व्हावी. २४ ऑक्टोबर १७७६ रोजी पॅरिसजवळच्या मेनिलमाँतांच्या उतारावर एका घोडागाडीपुढे धावणाऱ्या धिप्पाड कुत्र्याने त्याला उडवले. गाडीवानाने ऐन वेळी लगाम खेचले म्हणून चाके अंगावरून गेली नाहीत. ‘रेव्हरीज’ या त्याच्या अखेरच्या, अपूर्ण राहिलेल्या पुस्तकात याचे वर्णन आहे. शुद्धीवर येताना आपण कोण, कुठे आहोत हे त्याला कळत नाही; स्वतःचे रक्त तो ओहोळ पाहावा तसा पाहतो; वेदना मुळीच नाही. तो चालत घरी जातो. आपल्याला वाटले त्याहून जास्त लागले आहे हे त्याला बायकोच्या किंकाळ्यांवरून समजते! वाटेत कुणी ‘लागलं नाही ना?’ विचारले असते तर त्याने प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटले असते.

माझा डावा खांदा तिसऱ्या दिवशी बोलू लागला. कुंडांच्या गावात प्रत्येकाने गरम पाण्याचा शेक सुचवला. डॉक्टरांनी ताज्या सुजेवर पहिले दोन दिवस बर्फच हवा होता असे सांगितले. असो. शिक्षक-खोलीत म्हण दोन-तीनदा ऐकून झाली. खरी चौकशी केली ती सायकलच्या कारागिराने. त्याने पुढचे चाक उचलून फिरवले, ब्रेकच्या रबरांमधून एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, “चाक आउट आहे, चिमटाही दबलाय. डावीकडं पडलात ना? मग खांदा दाखवा जरा.” लोखंडाच्या वाकण्यावरून त्याने घटना वाचली होती. आमच्या समीक्षेच्या तासाला इतके बारीक वाचन क्वचितच होते.

चाकाचा आउट निघाला. धसका निघायला वेळ लागला. मागून मोटारीचा आवाज आला की हात आपोआप ब्रेकवर जात. तीन आठवडे मी एस.टी.ने प्रवास केला. ‘धसका’ हा मराठीचा फार नेमका शब्द आहे, पण तो आपण लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. चाळिशीच्या प्राध्यापकाने तो स्वतःसाठी वापरला तर लोक हसतात. मला उपयोग झाला तो लिहून ठेवण्याचा. घटनेच्या संध्याकाळीच वेळ, जागा, कोण काय म्हणाले ते मी टिपून ठेवले होते. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी आठवणी गोळा केल्या त्यांत खाण्यापिण्याचे, चालण्याबसण्याचे कितीतरी प्रसंग आहेत. मराठी गद्याच्या या आद्य ग्रंथाला किरकोळपणाची लाज वाटली नव्हती, ती आपल्याला का वाटावी?

पुढे तृतीय वर्षाच्या वर्गाला मी ‘किरकोळ अपघात’ हा लेखनाचा विषय दिला. बहुतेकांकडे सांगण्यासारखे काहीतरी होते आणि बहुतेकांनी शेवटी देवाचे आभार मानून लेख संपवला होता. एका मुलीने मात्र तिथून सुरुवात केली होती. नववीत असताना तिच्या सायकलला एक मोटार घासून गेली. गुडघा खरचटला, तो आठवड्यात बरा झाला. मोटारवाल्याने थांबून शंभर रुपये दिले आणि घरच्यांनी देवीला नारळ वाढवला. त्याच महिन्यात वडिलांनी सायकल विकली. पोरीच्या जातीला एवढी जोखीम नको, असे ठरले. दहावीपर्यंत ती शाळेत चालत गेली, रोज जाऊन-येऊन सहा किलोमीटर. पहाटेची शिकवणी सुटली आणि गणितही सुटले. आज ती मराठी विषय घेऊन बी.ए. करते आहे. गुडघ्यावरची खूण आता दिसतही नाही, असे तिने कंसात लिहिले होते.